तळमजल्यावरची पिकअप

आमच्या बाळकुमच्या घरात सगळ्यात मोठी, सगळ्यात गार आणि सगळ्यात सोयीची जागा एका गाडीला दिलेली आहे. माणसं वर राहतात.

घर सासऱ्यांनी बांधलं. शेत कॉम्प्लेक्सवाल्यांना गेलं, हातात पैसा आला, तेव्हा गोठा पाडून त्यांनी तीन माळे चढवले. खाली गोठ्याच्या जागी हॉल ठेवला, मागे मोरी आणि संडास. पहिला माळा थोरल्याला, म्हणजे साईनाथदादांना. दुसरा भाड्याला. तिसरा धाकट्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धनेशला. वयाच्या क्रमाने माळे वाटले, कुणाचा अपमान नको. आणि आमच्यात आईबाप राहतात धाकट्याकडे. हे दोन्ही नियम एकाच भल्या माणसाने पाळले आणि म्हातारपणी तिसऱ्या माळ्यावर आपल्यालाच चढायचं आहे हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. लिफ्टचा विषय निघाला होता म्हणे. तर म्हणाले, "आपलाच घर हाय, लिफ्ट कनाला? ती बिल्डिंगवाल्यांना लागते."

सासरे बसल्या जागी गेले, सुटले. सासूबाई राहिल्या. कमळाबाई त्यांचं नाव, मी आई म्हणते. त्यांचे गुडघे गेले. दोन वर्षांपूर्वी शिमग्याला होळी बघायला उतरल्या त्या शेवटच्या. परत चढताना दुसऱ्या माळ्यावर भाडेकरूच्या दारात बसकण मारली आणि लहान मुलीसारख्या रडल्या. तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे बेडरूम, संडास आणि गॅलरी. गॅलरीतून समोरच्या टॉवरची पार्किंग दिसते. पूर्वी तिथे त्यांचं भेंडीचं शेत होतं.

वर सगळं मीच चढवते. गॅसचा सिलेंडर येतो तो खालीच टेकवून जातात. औषधं, दळण, मासे, पाण्याचे जार. डॉक्टर वर यायला कां कू करतात, त्यांना गोड बोलून आणायचं. ब्लाउज शिवायचं माझं काम चांगलं चालायचं, पण माप द्यायला तीन माळे कोण चढणार? बायका आता कापूरबावडीच्या बुटीकला जातात. लग्न होऊन आले तेव्हा मी कळव्याची चालती-बोलती मुलगी होते. आता जिन्याच्या वळणावर उभी राहून मी पहिल्यांदा कमरेला हात लावते आणि मग कुणाला तरी शिवी देते. बहुतेक वेळा त्या गाडीला.

ती पिकअप सासऱ्यांची. पहाटे भेंडी, दुधी, माठ भरून कल्याणच्या मार्केटला जायची. सासरे पुढे स्टेअरिंगवर, आई मागे उघड्या हौद्यात टोपल्यांच्या मधे. शेत गेलं तशी गाडी उभी राहिली आणि उभ्या उभ्या सडली. सासऱ्यांच्या पश्चात भावांची वाटणी झाली तेव्हा सगळं वाटलं गेलं, अगदी पाणी तापवायचा तांब्याचा हंडासुद्धा. तळमजल्याचा हॉल आणि पिकअप या दोन गोष्टींवर मात्र एकमत होईना, म्हणून त्या सामाईक ठेवल्या. सामाईक म्हणजे ज्याला एकाने हात लावला की दुसरा विचारतो, का लावलास.

गाडी दुरुस्त करायला मात्र कुणाची ना नव्हती. बापाची आठवण म्हटलं की आमच्या घरात सगळे मऊ होतात.

धनेश वागळे इस्टेटला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने गाडीवरची ताडपत्री काढली आणि तेव्हापासून मला नवरा जेवणापुरता भेटतो. कामावरून आला की चहा, फाटका बनियन, आणि खाली. हौद्याचा तळ गंजून चाळण झाला होता तो कापून नवा पत्रा मारला. मागचा फालका, म्हणजे उघडतो तो दरवाजा, नवा करून घेतला. विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्यांकडून क्लच आणला, रेडिएटर आणला, कुठल्या तरी मेलेल्या गाडीचे चाकांवरचे पाटे आणले. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरली, घासली, परत भरली. थिनरचा वास जिन्यातून चढत तिसऱ्या माळ्यापर्यंत यायचा. मी बॅटरी धरून तासन्‌तास उभी राहिले आहे. "इकडे नाही गं, तिकडे धर" हे वाक्य मी लग्नातल्या मंत्रांपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

आणि खोटं कशाला बोलू, काम तो सुंदर करायचा. निळा रंग दिला तेव्हा मीही बघत राहिले. गाडी पुसताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जसा पूर्वी माझ्यासाठी व्हायचा.

"एकदा चालू झाली ना," तो म्हणायचा, "की आईला पुढे बसवून कल्याणला नेणार. मार्केट दाखवून आणणार."

"आधी जिना उतरवून दाखवा," मी म्हणायचे.

मला त्या हॉलमध्ये एक पलंग हवा होता. बाकी काही नाही. आई खाली आल्या असत्या, दारात बसल्या असत्या, गावातल्या बायका येता-जाता बोलल्या असत्या. मागे मोरी, संडास आयता. हे मी साईनाथदादांना एकदा स्पष्ट विचारलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. हॉलच्या बाबतीत मात्र त्यांची मान ताठ होते.

"आईसाठी म्हणून आज पलंग टाकशील," ते म्हणाले, "उद्या शिलाई मशीन येईल, परवा पडदा लागेल. मग हॉल कुणाचा झाला? त्यापेक्षा आईला आमच्याकडे पाठव. पहिला माळा आहे."

आईंना सांगितलं तर त्या उसळल्या. "धाकट्यानं आईस टाकली असा गाव बोलंल. मना नाय जाचा." आणि पहिल्या माळ्यालाही जिना आहेच. एकदा चढल्या की तिथेही अडकल्याच.

म्हणून सगळ्यांनी मिळून एकच मार्ग धरला होता. गाडी तयार होऊ दे, बाहेर निघू दे, मग हॉलचं बघू. मीही त्या वाक्यावर जगत होते. पाडव्याला होईल, गणपतीला होईल. गाडी निघाली की मी काहीही करून पलंग टाकणार होते, भांडण झालं तर झालं.

गणपती झाले आणि एका रविवारी दुपारी, मी दळण घेऊन जिन्यात असताना, खालून इंजिनचा आवाज आला. चांगला, भरलेला, सलग. आवाज बंद झाला. मी डबा तिथेच ठेवून खाली धावले. धनेश बॉनेटमध्ये वाकला होता.

"झाली?"

"कुठे? घरघर करून बंद पडली," तो म्हणाला. मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने गिअरबॉक्स उतरवून जमिनीवर ठेवला. गणपतीआधी बसवलेला. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण ब्लाउजची बाही नीट बसली असताना कुणी उसवत नाही एवढं कळतं.

"अहो," मी म्हटलं, "गाडी चालू झालीय. मी ऐकलंय."

तो पान्हा पुसत बसला. मग हळूच म्हणाला, "दादांनी मेडिकलवाल्याशी बोलणी केलीत. गाडी बाहेर निघाली की दुसऱ्या दिवशी शटर लावणार. अर्धं भाडं तुला म्हणतात."

"मग?"

"मग काय? गाडी खोललेली असेल तोवर कुणी हलवू शकत नाही. आईची जागा धरून ठेवलीय मी."

मी हसले आधी. खरंच हसले. मग माझा तोल गेला. "धरून ठेवलीय! एसटीत रुमाल टाकतात तशी! अहो, रुमाल टाकतात तो बसण्यासाठी. तुम्ही रुमाल इस्त्री करत बसलाय तीन वर्षं, आणि ती म्हातारी वर वाळतेय. तिच्यासाठी जागा धरताय, आणि जागेत तिला जागा नाही!"

"सगळी तीन वर्षं नाही गं," तो म्हणाला. "पाडव्यापासूनच."

त्याला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

"दादांना सरळ सांगायला काय होतं?"

"तोडतील गं," तो म्हणाला. "बोलणंच तोडतील. एवढंच राहिलंय आमच्यात. रविवारी खाली येतात, गाडी बघतात, बाबांच्या गोष्टी सांगतात."

मला त्याची दया आली आणि दयेचाही राग आला. मी तशीच वर गेले. आईंनी गॅलरीतून विचारलं, "झाली का गो गाडी?" पहिल्यांदाच मी त्यांना खरं उत्तर दिलं. झाली, चालू झाली, आणि तुमच्या मुलाने ती परत खोलली. का खोलली तेही सांगितलं. मेडिकल, शटर, सगळं. त्या गुडघ्यावर हात फिरवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धनेशला जवळ बोलावलं. "धन्या, दसऱ्याला तुज्या बापसाच्या गाडीची पूजा कराची. चालू गाडीची. मना खाली नेवाचा."

आईचा शब्द. धनेशने माझ्याकडे रागाने बघितलं, मी भाजी निवडत राहिले. गिअरबॉक्स परत चढला.

दसऱ्याला आमच्याकडे सकाळपासून गाड्या धुतात. दादांची मोठी गाडी, त्यांच्या मुलाची बुलेट, धनेशची स्कूटर, सगळ्यांना झेंडूचे हार. पिकअपला सगळ्यात मोठा. आई नऊवारी नेसून तयार होत्या, गळ्यात ठुशी, केसांत अबोली. जिन्यातून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. एका बाजूला दादा, एका बाजूला धनेश. दोघांची बरोबरी जमेना. एकाची बाजू वर जायची, दुसऱ्याची खाली, आणि आई ओरडायच्या, "पाराल मना, भाड्यांनो!" वळणावर दोघं दम घ्यायला थांबले आणि एकदम हसायला लागले. वाटणीनंतर दोघांनी मिळून उचललेलं ते पहिलंच ओझं असेल.

खाली आल्यावर आईंनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ दादांच्या हातून फोडला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, गाडी पहिल्यांदा पुढे जाते तेव्हा चिरडायला. धनेश स्टेअरिंगवर बसला. चावी फिरवली. एकदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा गाडी धडधडायला लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. धनेश रडत होता आणि ते लपवायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. मला त्या क्षणी त्याचं तीन वर्षांचं सगळं माफ करावंसं वाटलं.

"घे बाहेर," दादा म्हणाले. त्यांचेही डोळे ओले होते, पण मेडिकलवाला फाटकापाशी उभा होता. दादांनीच त्याला पेढे खायला बोलावलं होतं.

"थांब," आई म्हणाल्या. "बंद कर. फालका खोल. मना वर चरवा."

सगळ्यांना वाटलं, म्हातारीला फेरी मारायची हौस आली. पुढे बसा, मागे धक्के बसतील, असं मालनवहिनी, म्हणजे दादांची बायको, म्हणाल्या. आईंनी ऐकलं नाही. आम्ही चौघांनी धरून त्यांना हौद्यात बसवलं. कुणी मोबाईल काढले. आईंनी हाताने नवा पत्रा चाचपला, कडेला पाठ टेकली, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "बरा केलास रं तळ. आता माजी गादी आना."

"गादी कशाला?" दादा म्हणाले. "गावदेवीपर्यंतच तर जायचंय."

"मना कयच नाय जाचा. मी आता हितंच."

जरा वेळ कुणाला काही कळलं नाही. मला आधी कळलं.

"आई, असं काय करतेस," दादा खालच्या आवाजात म्हणाले. "लोक बघतात. गाडी बाहेर काढायचीय."

"कार ना. मना घेऊन कार."

"अगं पण हॉल सामाईक आहे. इथे कुणी राहायचं नाही असं ठरलंय."

"मी हॉलात नाय बसले. गाडीत बसलंय," आई म्हणाल्या. "गाडी दोघांची हाय ना? मंग मी पन दोघांचीच. तुमी हंडा वाटलाव, पैसा वाटलाव. मना कुनाच्या वाट्यात घातलीव ते बोल."

मेडिकलवाल्याने हातातला पेढा तसाच कागदात गुंडाळला आणि फाटकातून निघून गेला. मला आईंचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी जीव जळाला. इतकी वर्षं जी बाई मी जिन्यावरून सांभाळली, तिला आपण कुणाच्या वाट्याला आलो हेच माहीत नव्हतं.

आईंनी हौद्याच्या कडेवरून खाली वाकून बघितलं. मग धनेशला म्हणाल्या, "उंच परते रं. राती मोरीत कशी उतरू? चाकां कार."

"आई," धनेश म्हणाला, एवढंच.

"कल्यानला मी उभा जन्म गेले. आता कय जाचा हाय मना? कार चाकां."

तो उभा राहिला. हातात अजून चावी होती. निळ्या रंगात त्याचं स्वतःचंच प्रतिबिंब दिसत होतं, इतका त्याने तो रंग घासला होता. मी त्याला इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, हा आता नाही म्हणेल, आणि म्हणाला तर मी त्याला दोष देणार नाही. मग त्याने चावी खिशात टाकली, पत्र्याच्या पेटीतून पान्हा काढला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. आम्ही आईंना परत खाली खुर्चीत उतरवलं. पहिला नट त्याच्याने सुटेना. त्यानेच आवळून बसवलेला. साईनाथदादांनी नवा पांढरा सदरा कोपरापर्यंत वर केला आणि त्याच्या हातावर हात ठेवून जोर लावला.

दोघांनी मिळून चारही चाकं काढली. खाली लाकडाचे ठोकळे सारून जॅक सोडत गेले आणि गाडी हळूहळू बसली. लिंबं चिरडली नाहीत, मालनवहिनींनी ती उचलून पाटावर ठेवली. आईंना परत हौद्यात नेलं. त्या कडेला बसल्या, पाय खाली सोडले आणि तळवे जमिनीला टेकले.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

गादी आमच्याकडची नाही, पहिल्या माळ्यावरून, दादांच्या घरातून आली. दादा स्वतः डोक्यावर घेऊन उतरले. धनेश हात न धुता गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला, दार लावून. मी त्याच्याकडे गेले नाही. काय बोलणार होते?

बाहेर गावातल्या दोन म्हाताऱ्या आपट्याची पानं द्यायला आल्या होत्या. त्या थेट हौद्याच्या कडेला टेकल्या आणि तिघींचं बोलणं सुरू झालं, जसं काल संध्याकाळीच अर्धवट राहिलं होतं. आई हसत होत्या. मी दोन वर्षं त्यांना दोन वेळा गरम जेवू घातलं, पण असं हसवलं नव्हतं.

तेवढ्यात मालनवहिनी माझ्याजवळ आल्या. पदर खोचलेला, हातात चहाचं पातेलं. जरा चाचरल्या.

"भावना," त्यांनी विचारलं, "आईंना चहात साखर किती लागते गं?"

सासरे गेल्यापासून आम्ही एकाच जिन्याने वर-खाली करतो. या बाईला ते माहीत नव्हतं. माझ्या तोंडावर आलं होतं पुष्कळ. पण बोलायलाही ताकद लागते, ती जिन्यात कुठेतरी सांडून गेली होती.

"साखर नाही घालायची," मी म्हटलं. "डायबेटिस आहे त्यांना. कपात नको, पेल्यात द्या, हात कापतो. आणि गरम लागतो, निवला तर पीत नाहीत."

त्यांनी पुटपुटत सगळं म्हणून बघितलं. साखर नाही, पेला, गरम. मग वर गेल्या. मी पहिल्या पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी चाललं असतं.